झोपडीत काय टांगलं होतं

पंधराव्या वर्षी ओटिलियाला पहिला अख्खा लाकडी ठसा कोरायला मिळाला आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. आतापर्यंत लेओनहार्टमामाच्या छापखान्यात तिच्या वाट्याला काय यायचं? कडेची वेलबुट्टी, नाहीतर संतांच्या डोक्यामागची वलयं. आता समुद्रापलीकडच्या नव्या मुलुखाचं चित्र, तेही पहिल्या पानावर, आणि कोपऱ्यात तिची स्वतःची खूण! फ्रांकफुर्टच्या पुस्तकांच्या जत्रेची गाडी शुक्रवारी त्यांच्या आउग्सबुर्ग गावातून निघणार होती.

मजकूर म्हणजे पोर्तुगीज जहाजावरच्या एका कारकुनाचं पत्र. त्यात लिहिलं होतं, 'एका झोपडीत विस्तवावर मांस टांगलेलं होतं. कोणाचं, ते पाहायला आम्ही थांबलो नाही.'

"कोणाचं म्हणजे?" ओटिलियाने विचारलं.

"माणसाचं! दोन पाय आणि एक हात काढ. ठसठशीत."

"पण मामा, असं लिहिलंय कुठे?"

"लिहिलं नाही म्हणून तर चित्र हवं, शहाणे!"

तिला चैन पडेना. त्याच जहाजावरचा तोफवाला क्विरिन आता कालव्यापाशी राहत होता. ती थेट त्याच्या दारात.

"क्विरिनकाका, झोपडीत काय टांगलं होतं हो?"

"सरडे," काका म्हणाला. "हे एवढे, हातभर! मी खाल्ला की. कोंबडीसारखा लागतो."

"आणि कारकून?"

"तो कुठला येतोय! तापाने जहाजावर पडला होता. आम्ही सांगायचं, त्याने लिहायचं."

मामा हे ऐकून खो खो हसला. "सरडा बघायला कोण थांबेल? पाय कोर. नाहीतर कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांचा जुना ठसा पडलाय, तोच छापतो."

पहिला ठसा हातचा जाणार! ओटिलियाने मुकाट्याने हात आणि पाय कोरले. आणि काय सुरेख उतरले ते! पोटरीचा फुगवटा, अंगठ्याचं नखसुद्धा. गुरुवारी पहिला छाप निघाला तसा तो ओला कागद घेऊन ती मिरवायला काकाकडे पळाली.

काकाने कागद उजेडाकडे धरला. "हेच," तो हळूच म्हणाला. "अस्सेच लोंबत होते."

"काका! परवा सरडे म्हणालात. खाल्लात त्यातला!"

"मी?" त्याने बिअरचा पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. "छे. मी बाहेर उभा होतो. आत गेलोच नाही."

ओटिलियाने कागद झटकन उलटा केला. ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या डोक्यात तिने न पाहिलेले पाय टांगले होते! मग ज्यांनी समुद्रही पाहिला नाही, त्यांचं काय होणार?

छापखान्यात परत येऊन तिने कोरणी उचलली. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. पण पायातला नको तेवढा भाग काढला, तर आत सरडा मावतो की! मांडीतून धड निघालं, पोटरीतून शेपटी. हाताचा तर फक्कड छोटा सरडा झाला, बोटांचे पंजे फेंदारलेला.

शुक्रवारी सकाळी मामाने ठसा पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढून आपटली. पण नवं कोरायला वेळ कुठे होता? जुना ठसा शोधला, तर तो मधोमध तडकलेला.

"तुझी खूण आहे ना यावर?" सरडे छापून झाल्यावर तो ओरडला. "मग बस गाडीत. जत्रेत लोक विचारतील, तेव्हा तूच दे उत्तरं!"

फ्रांकफुर्टला पहिल्याच दिवशी एक जाडजूड विधवा दुकानापाशी थांबली. "हे काय गं?"

"सरडे. तिकडचे लोक खातात."

"एवढंच?" ती समोरच्या दुकानाकडे वळली. तिथे चित्रातली माणसं माणसांना खात होती आणि गिऱ्हाइकांची ही झुंबड.

दुपारपर्यंत चार प्रती गेल्या. पाचवी एका खानावळीच्या आचाऱ्याने उचलली आणि तो चित्रात नाकच खुपसून बसला.

"शिजवायच्या आधी सोलतात, की कातडीसकट?"

ओटिलियाने कपाळावर हात मारला. "ते विचारायचंच राहिलं!"

"मग विचार ना," आचारी म्हणाला. "मला पुढच्या जत्रेत सांग."

ती मान डोलावत राहिली. घरी पोचल्या पोचल्या क्विरिनकाकाला गाठायचं. पण या खेपेला हातात चित्र न घेता.