पाच बिल्ले

जहाजाच्या दाराशी एक फळी होती आणि फळीवर ओळीनं नंबर घातलेले खिळे. प्रत्येक प्रवाशाचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. किनाऱ्यावर उतरताना आपला बिल्ला काढून न्यायचा, परतल्यावर त्याच खिळ्याला अडकवायचा. फळी भरली की सगळे आले, जहाज सुटायला मोकळं. पद्धत साधी होती आणि ताईंना ती पहिल्याच दिवशी पसंत पडली.

ताई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं होत्या. बाटलीवरची चिठ्ठी बरोबर असली की आतल्या रक्ताची चिंता करायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यामुळे नदीवरच्या या आठ दिवसांच्या सहलीत पाचही जणांचे बिल्ले त्यांच्याच पर्समध्ये असत. नाना, म्हणजे त्यांचे वडील, धाकटा भाऊ, भावजय, भावाची सात वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे भुंगा म्हणत, आणि त्या स्वतः.

सहलीची कल्पना ताईंचीच. तिचं खरं कारण मात्र फक्त दोघांना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नानांच्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाना म्हणाले होते, "धाकट्याला आत्ता सांगू नकोस. तो दुसऱ्या दिवशी माझ्या घराला कुलूप लावेल आणि मला उचलून त्याच्याकडं नेईल. एकदा सगळ्यांबरोबर भटकून येऊ, मग सांग." ताईंनी शब्द दिला. तेव्हापासून धाकट्याचा फोन आला की त्या काहीतरी निमित्त काढून लवकर ठेवून द्यायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे गाव बघून परतले, तेव्हा धक्क्यावर त्यांच्या जहाजाच्या जागी दुसरंच उभं होतं. त्याच कंपनीचं, जुळं म्हणावं असं. त्यांचं जहाज त्याच्या पलीकडं बांधलेलं. पहिल्या जहाजात शिरायचं, त्याच्या लॉबीतून आरपार जायचं आणि मधली छोटी फळी ओलांडून आपल्या जहाजात यायचं.

"आत्या, मला आत्ताच्या आत्ता जायचंय," भुंग्यानं पाय आवळत सांगितलं. ताई तिला घेऊन सुसाट निघाल्या. वाटेत लॉबी लागली ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. आपल्या दाराशी आल्यावर एका हातानं भुंग्याला धरून दुसऱ्या हातानं त्यांनी पाचही बिल्ले पटापट खिळ्यांना लावले. बाकीचे मागून येतच होते.

जहाज पाचला सुटायचं होतं. दहा मिनिटं कमी असताना ताईंनी गोळ्या देण्यासाठी नानांच्या खोलीचं दार वाजवलं. उघडून पाहिलं तर आत कुणी नाही. पलंगावरची चादर सकाळी घातली तशी, एक सुरकुती नाही.

वर हॉलमध्ये धाकटा कॉफी पीत बसला होता.

"नाना कुठायत?"

"तुझ्याबरोबर ना? तुमच्या मागोमाग आत शिरताना मीच बघितलं. मला मग ऑफिसचा फोन आला."

ताईंनी डेक पाहिला, जेवणघर पाहिलं, पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून "नाना, नाना" अशा हाका मारल्या. आतून एक अनोळखी म्हातारा ओशाळून बाहेर आला. भावजय खालचे सगळे बोळ धुंडाळून आली. तेवढ्यात पायाखालची जमीन थरथरली. इंजिन सुरू झालं होतं.

सगळे खाली दाराशी धावले. तिथल्या काउंटरवरच्या बाईनं शांतपणे बिल्ल्यांच्या फळीकडं बोट केलं. "फळी भरलीय. सगळे आत आहेत."

"त्यांचा बिल्ला मी लावला," ताई म्हणाल्या. "पाचही मीच लावते."

बाईच्या कपाळावर आठी आली. "तसं करायचं नसतं. तरी असतील इथंच, माणूस पाठवते बघायला. पण पुढच्या बंधाऱ्यात जहाजं पलीकडं सोडायचं दार असतं, त्याची वेळ मिळालीय आम्हाला. ती हुकली तर उद्यापर्यंत रांगेत. जहाज थांबवायचं तर तसंच कारण लागतं. त्यांना काही आजार? वाट चुकणं, विसरणं?"

"छे हो," धाकटा हसला. "तीस वर्षं कंडक्टर होते ते. हरवायला ते काय भुंगा आहेत?"

"मी कुठं हरवते?" भुंगा म्हणाली.

बाहेर कुणीतरी दोर सोडायला वाकलं. ताईंनी ते काचेतून पाहिलं. एक वाक्य बोललं तर नानांचं घर गेलं. नाही बोललं तर नानाच गेले, अनोळखी गावात, खिशात ना पत्ता ना फोन.

"आहे," त्या म्हणाल्या. "विसरतात. आठ महिने झाले निदान होऊन. जहाज थांबवा."

बाईनं फोन उचलला. धाकटा ताईंकडं बघत राहिला. त्याच्या हातातला कप तिरका होऊन कॉफी गालिच्यावर सांडत होती, त्याचं त्याला भान नव्हतं.

"आठ महिने? ताई, मी दर रविवारी बोलतो त्यांच्याशी."

"रविवारी बरे असतात. काय बोलायचं त्याची मी शनिवारी उजळणी घेते."

इंजिन थांबलं. बाई फोनवर "हो, हो" करत होती. मग तिनं विचारलं, "पांढरा शर्ट? शेजारच्या जहाजाच्या धक्क्याकडच्या दारात एक आजोबा उभे आहेत म्हणे. दोन्ही हात पसरून. धक्क्यावर उतरायची फळी काढू देत नाहीयेत. माझी चार माणसं यायचीत, बेल देऊ नका, एवढंच म्हणतायत. तिथले लोक त्यांना आपलेच प्रवासी समजले."

मधली फळी पुन्हा टाकली गेली. धाकटा धावतच पलीकडं गेला आणि नानांना दंडाला धरून घेऊन आला. नाना घामेजले होते, पण आवाज कडक होता.

"कुठं होता तुम्ही सगळे? पाऊण तास गाडी अडवून उभाय मी. माणसं मोजल्याशिवाय सोडतात का कधी?" त्यांनी बोटांनी चौघांना मोजलं. मग धाकट्याच्या चेहऱ्यावर त्यांची नजर अडली. ते ताईंकडं वळले.

"सांगितलंस?"

ताईंनी होकाराची मान हलवली. नानांचे खांदे किंचित खाली आले.

"मग? कुलूप कधी लावतोस?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकट्यानं खिळ्यांच्या फळीवरून नानांचा एकशे बाराचा बिल्ला काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. "आधी हा लावा. तुमचा तुम्ही लावायचा आता. मी मागं उभा राहतो."

जहाज खोळंबलं होतं. बाई घड्याळ बघत होती. नाना फळीसमोर उभे राहिले, बिल्ल्यावरचा आकडा वाचला, खिळ्यांवरून बोट फिरवत गेले. एकशे नऊ, एकशे दहा. बोट एकशे अकरावर थांबलं आणि तिथंच राहिलं. ताईंचा हात आपसूक पुढं झाला. धाकट्यानं तो मनगटाशी धरला आणि खाली केला.