पाणी न विचारलेला माणूस

लढाई शहराच्या कडेला येईपर्यंत तो सुतार होता. मग गल्लीतल्या तरुणांच्या हातात बंदुका आल्या आणि म्होरकेपण याच्या गळ्यात पडलं. रंधा मारणारा माणूस डोकं शांत ठेवतो, अशी लोकांची भाबडी समजूत.

मदतसंस्थेच्या बाई युद्धाचे नियम शिकवायला आल्या, तेव्हा तो पहिल्या रांगेत बसला. हे नियम परके नाहीत, तुमच्या वाडवडिलांचेच आहेत, बाई म्हणाल्या. जो तुमच्या घरचं पाणी प्यायला, त्याच्यावर तुम्ही हात उचलता का? सगळ्यांनी माना हलवल्या. सुताराची सर्वांत जोरात हलली, कारण वाडवडिलांचं नाव निघालं की स्वारी फुगायची.

त्याच आठवड्यात कैदी सापडला. सुताराचा धाकटा भाऊ ज्या टेकडीवर गोळी लागून गेला, त्याच टेकडीवर. गोळी यानेच झाडली की दुसऱ्या कुणी, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. त्याला सुताराच्या कामाच्या खोलीत आणून बाकाला बांधलं. दिवस मावळला की संपवायचा, असं ठरलं.

आणि सुताराला बाईंचा धडा आठवला. पाणी पाजलं की पाहुणा, आणि पाहुण्याला मारलं की घराण्याला बट्टा. म्हणून त्याने कोपऱ्यातला माठ स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवला. सापही मरावा, काठीही मोडू नये.

दुपार तापली. कैद्याचे ओठ फुटले. तहान सुतारालाही लागली, पण समोरच्याला न विचारता पाणी पिणं त्याच्या घरात कुणाला कधी जमलं नव्हतं. मग तो सारखा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून प्यायचा आणि मिशा पुसून आत यायचा. माणूस मारायचा, पण रीतभात सोडायची नाही!

खबर लागताच बाई धावत आल्या. कैद्याला पाणी द्यायलाच हवं, तसा नियम आहे, त्या म्हणाल्या.

"नियम आणि रीत एकच, हे तुम्हीच शिकवलंत," सुतार म्हणाला. "रीतीप्रमाणे हा अजून पाहुणा झालेला नाही."

आपलंच उदाहरण अंगाशी आलेलं बाईंना कळलं.

तेवढ्यात सुताराची आई आली. धाकटा गेल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती. हातात पाण्याचा तांब्या होता. कैद्याचं तोंड बघवेना म्हणून मान फिरवून तिने तांब्या त्याच्या ओठांना लावला. तो घटाघटा प्यायला. बरंचसं पाणी भुशात सांडलं.

सुतार ताडकन उठला, पण तिचा हात धरायची त्याची छाती झाली नाही. "आई, आपल्या धाकट्याला मारणाऱ्यांतला आहे हा."

"माहीत आहे."

बाईंचे डोळे भरून आले. परंपरा अजून जिवंत आहे, त्या पुटपुटल्या. पुढच्या व्याख्यानाची सोय झाली होती. आईने त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. उरलेला तांब्या तिने मुलापुढे धरला.

"त्याची कीव आली म्हणून नाही पाजलं," ती म्हणाली. "एक लेक गेला. आता म्हातारपणी तांब्याभर पाणी मला तुझ्याच हातून घ्यायचंय. ते गिळता आलं पाहिजे."

सुताराने तांब्या हातात घेतला. मग तिथेच, कैद्याच्या देखत, तो पाणी प्यायला आणि दोर कापायला पटाशी शोधू लागला.