मागच्या खोलीची कडी

मित्रांनो, मी कांगारूंच्या देशातल्या टूनगॅबी गावाजवळच्या टेकडीवरचा एक जुना बंगला आहे. जवळजवळ दोनशे वर्षं उभा आहे, आणि खरं सांगू? माणसांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

कसा असणार? माझा जन्मच लबाडीतला! समोरचे ऐटबाज पांढरे खांब दगडाचे वाटतात ना? आतून लाकडी आहेत, वर नुसती रंगाची मखलाशी. माझ्या विटा विलायतेहून बोटीने आणलेल्या, बेड्या घातलेल्या कैद्यांनी थापल्या. मालक मात्र पाहुण्यांना सांगायचा, "हे मी बांधलं." जमीन इथल्या मूळच्या धारुग लोकांची, त्यांना तर कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या रुंद व्हरांड्यात मेजवान्या झडायच्या आणि कैदी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत निजायचे. पुढे मालकाचा वंश पांगला, माझ्या छपरात मांजराएवढे झाडावरचे पॉसम राहायला आले.

परवा माझे नवे मालक आले. मयूरा जवळच्या वेस्टमीडला डॉक्टर, तिचा नवरा शंतनू पॅरामॅटात इंजिनिअर. शंतनूने आल्या आल्या खांबावर टिचकी मारली.

"पोकळ आहे गं! सगळं पाडू. मस्त फ्लॅट्स होतील."

म्हटलं, भरले आपले दिवस!

मयूरा काहीच बोलेना. मला तर तिचाच जास्त संशय आला. गप्प माणसं आतल्या गाठीची असतात. ती थेट मागच्या खोलीकडे गेली आणि दाराची गंजकी कडी हलवून बघू लागली.

"शंतनू, इकडे ये. एजंट म्हणाला ना, ही स्टाफची खोली?"

"हो. मग?"

"मग कडी बाहेरून का?"

शंतनू दारात थबकला. "म्हणजे... कोंडायचे त्यांना?"

"तू पाडलंस की हे कुणाला कळणारही नाही."

"अगं, पण इथे राहायचं कसं? पाडायलाच..."

"सारखं पाडायचं, पाडायचं म्हणू नकोस. वास्तू तथास्तु म्हणत असते."

अरेच्चा! माझ्या शब्दाला एवढं वजन आहे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

शंतनूने त्या अंधाऱ्या खोलीत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "बरं बाई, नाही पाडत. आणि ही कडी आजच काढतो. आत भिंतीवर टांगू, सगळ्यांना कळू दे."

"तथास्तु!" मी घाईघाईने म्हणून टाकलं. माणसाचा काय भरवसा, शब्द फिरवला तर?

मित्रांनो, जुनं घर बघायला जाल तेव्हा खांबांपुढे खुशाल फोटो काढा. पण मागची खोली बघितल्याशिवाय परत फिरू नका.