अयोग्य रीतीने

शनिवारी दुपारी लेक नेहमीसारखी मागच्या दाराने आत आली. पुढचे दार सताड उघडे होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पण सहा वर्षांत पायांना वळण लागले होते, ते पायांनीच पाळले.

"आलात का पंडितीणबाई?" आई ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसली होती. संधिवाताने वाकडी झालेली बोटे तिने मांडीवर नीट मांडून ठेवली होती, जणू ती दुसऱ्या कुणाची होती आणि तिच्याकडे सांभाळायला दिली होती. "पीठ चाळून ठेवलंय. तेवढं जमतं अजून."

"तू कशाला चाळत बसलीस?"

"मग काय महाराणीसारखी नुसती हुकूम सोडू?"

"ते तर सोडतेसच."

लेकीने बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि परातीत खमीर ओतले. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खायचा विधी. त्या भोजनाची भाकर चौतीस वर्षे याच घरातून जात होती. भाकर म्हणायचे ते शास्त्रातला शब्द म्हणून. भट्टीतून निघायचा तो गोल, फुगलेला पाव. 'नाव भाकरीचं आणि रूप पावाचं,' असे आई म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर दर महिन्याला हसायची.

"कानाच्या पाळीइतकं मऊ मळ," आई म्हणाली. "माझ्या पाळीइतकं. तुझी नको. तुझे कान लहानपणापासून टणक, किती पिळले तरी फरक पडला नाही."

लेक हसली. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार सुधारायचे, रात्री घरी आपल्या आवडीचे वाचायचे, असा तिचा वीस वर्षांचा क्रम. एवढी पुस्तके वाचून पाण्याचा अंदाज येत नाही, हा आईचा ठरलेला टोमणा होता. तो यायच्या आत तिने पाणी बेताने घातले. आई जरा खट्टू झाली.

संध्याकाळी सहाला, पाव भट्टीतून निघाल्यावर, चिटणीसमावशी आल्या. त्या मंडळीच्या चिटणीस आणि आईच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. आई पुढच्या खोलीत गेली आणि लेक स्वयंपाकघराच्या दाराआड सरकली. त्रेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या कमाईवर जगणारी, आणि साखर चोरताना सापडू नये म्हणून लपलेल्या पोरीसारखी श्वास धरून उभी.

"अगं बाई, काय वास सुटलाय!" मावशी म्हणाल्या. "तुझ्या हाताला देवाने काय गुण दिलाय गं! आणि तोही या वयात, या बोटांनी!"

"त्याची कृपा," आई म्हणाली.

"लेक येते का कधी?"

"येते अधूनमधून."

मावशी पाव फडक्यात गुंडाळून गेल्या. आई आत आली, पण लेकीच्या नजरेला नजर देईना. उरलेल्या गोळ्याचा एक चिमुकला पाव ती दर वेळी बाजूला ठेवी. तो तिने मनगटाने पुढे ढकलला.

"हा तुझ्या तिला ने. जेवते का नीट? मागच्या वेळी अगदी काडी दिसत होती."

'तुझी ती' म्हणजे चष्मेवाली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचे काम करणारी, अकरा वर्षे लेकीबरोबर एका घरात राहणारी. आईने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती आणि एकदाही उपाशी ठेवले नव्हते.

"जेवते," लेक म्हणाली.

"बरं. जाताना दार ओढून घे."

आईचे हे शेवटचे वाक्य. रविवारी सकाळी ती उठली नाही.

मंडळीत तिची जागा रिकामी दिसली. मावशींच्या मनात पाल चुकचुकली, पण भोजन मध्येच कसे सोडायचे? भाकर मोडून झाली, वाटून झाली, खाऊन झाली, आणि मग मावशी आईच्या घरी जाऊन दार ठोठावू लागल्या. लेकीला फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. म्हणजे आई बिछान्यात थंड पडली होती आणि सत्तर माणसे लेकीच्या हातची भाकर खाऊन डोळे मिटून बसली होती. लेक पुढे कितीतरी दिवस हाच हिशोब मनात मांडत राहिली.

कारण त्या सत्तर माणसांत तिला बसायची मनाई होती.

सहा वर्षांपूर्वी कुणीतरी मंडळीच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, कानाला लागले. महिन्याभरात समितीचे पत्र आले. चष्मेवालीबरोबरचे राहणे सोडेपर्यंत लेकीने मुलांचे वर्ग घेऊ नयेत, वाचन करू नये, आणि 'अयोग्य व्यक्तीने प्रभूच्या भोजनास येऊ नये असे शास्त्र सांगते, सबब' भोजनालाही येऊ नये. लेकीने पत्र दोनदा वाचले आणि सवयीने लाल पेन उचलले. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या तिने दुरुस्त केल्या. तिसऱ्या चुकीपाशी तिचा हात थांबला. शास्त्र काढून पाहिले. तिथे अयोग्य व्यक्ती नव्हतीच. तिथे होते 'अयोग्य रीतीने'. समितीने क्रियाविशेषण उचलून त्याचे विशेषण केले होते आणि ते तिच्या कपाळावर चिकटवले होते.

तिने आजूबाजूचे अध्यायही वाचून काढले. तिथली खरडपट्टी होती ती भरल्या घरच्या लोकांची. ते आधी येऊन पोटभर जेवत आणि मागून येणाऱ्या गरिबाला उपाशी ठेवत. म्हणजे ज्यांना ते शब्द झोंबायला हवे होते, त्यांनीच ते उचलून दारावर पहारेकरी म्हणून बसवले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तिने 'व्यक्तीने' वर काट मारली, समासात 'रीतीने' लिहिले आणि पत्र आईपुढे ठेवले.

"हे मी परत पाठवणार आहे," ती म्हणाली.

आईने ते वाचले, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सारले. "शहाणपणा पुरे. मला तिथे तोंड दाखवायचंय." मग तिने आपली वाकडी बोटे पुढे धरली. "माझ्या हातून आता मळणं होत नाही. शनिवारी ये. मागच्या दाराने ये."

लेक गेली. का गेली, हे तिला त्या दिवशी सांगता आले नसते. पहिले वर्ष तिने पिठावर राग काढला, मुठी अशा आपटायची की आई म्हणायची, "हळू! ते पीठ आहे, पाळक नाही." मळता मळता ती देवाशी भांडायची. तू मला असे घडवलेस तर हे लोक मला अयोग्य म्हणणारे कोण, आणि तू घडवले नसशील तर मग कुणी? उत्तर आले नाही. पीठ मात्र दर वेळी फुगले. "पीठ माणूस बघून फुगत नाही गं," आई एकदा सहज बोलून गेली. पुढे केव्हातरी, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, लेकीच्या ध्यानात आले की ती क्षमा मागायची थांबली आहे. ती रोजची भाकर मागत होती, चष्मेवालीच्या दुखऱ्या डोळ्यांसाठी मागत होती, आईच्या बोटांसाठी मागत होती. पण त्या मागण्यात लाचारी नव्हती. घरची मुलगी ताटात आणखी वाढायला सांगते तसे ते मागणे होते.

तरीही भाकर भट्टीतून निघाली की ती दाराआड जाई. देवापुढे सरळ उभी राहणारी ती, मावशींपुढे लपे. हा राग आता कुणावर काढायचा?

अंत्यविधीला पाळकसाहेब 'त्या हातांविषयी' वीस मिनिटे बोलले. छापील पत्रकात मागे 'एक अविवाहित कन्या' होती. चष्मेवालीला मावशींनी दंडाला धरून शेवटच्या बाकावर नेऊन बसवले. लेक पहिल्या बाकावर एकटी बसली आणि एक शब्द बोलली नाही. बोलून आईला सगळ्यांसमोर खोटे कसे पाडायचे? मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

नऊ दिवसांनी, दुपारी, दोघी आईच्या घरातले सामान आवरत असताना पाळकसाहेब आणि मावशी आले. दार चष्मेवालीने उघडले. पाळकसाहेब तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत आत आले. त्यांनी थोडे वय, थोडी हवा, थोडे देवाचे न्यारे मार्ग असे बोलून घेतले आणि मग मुद्द्यावर आले.

"तुझ्या आईची सेवा खंडित होऊ नये, पोरी. ते खमीर आहे ना, आणि कृती कुठे लिहून ठेवली असेल तर तीही. एखाद्या योग्य बहिणीकडे सोपवू."

"योग्य म्हणजे?"

"आता तू शब्दात पकडू नकोस गं," मावशी म्हणाल्या.

"माझं पोटच त्यावर चालतं, मावशी."

"वाद नको," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "सभागृहात आईच्या नावाची पाटी लावायची ठरली आहे, संगमरवरी. हा मजकूर. तू एकदा तपासून दे. तुला त्यातलं कळतं."

लेकीने कागद घेतला. 'जिच्या शुद्ध हातांची भाकर या मंडळीने तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत खाल्ली.' तिने एकेक अक्षर तपासले. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. विरामचिन्हे बरोबर होती. खाली सही करून द्यायची, की झाले. पाटीवर आई उजळ राहील, आणि आपण दोघी दगडात कोरलेल्या खोट्याखाली कायमच्या पुरल्या जाऊ. वीस वर्षांत तिने चुकीचा मजकूर जाणूनबुजून कधी पुढे सोडला नव्हता.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली. "मजकूर खोटा आहे. सहा वर्षं भाकर मी केली."

मावशींनी पदराने ओठ पुसले. "काहीतरीच काय बोलतेस! मी स्वतः दर महिन्याला येऊन…"

"हो, तुम्ही यायचात. आईची बोटं बघायचात. त्या बोटांनी तिला स्वतःचं बटण लावता येत नव्हतं, मावशी. तुम्हाला दिसत नव्हतं असं नाही. तुम्ही विचारलं नाहीत."

पाळकसाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं मंडळीने तुझ्या हातची…"

"खाल्ली. तुम्हीच मोडलीत, तुम्हीच आशीर्वाद मागितलात, तुम्हीच वाटलीत. कुणाच्या घशात अडकली नाही."

"म्हणजे तुझ्या आईने आम्हाला फसवलं, असं म्हणायचंय तुला?"

याच प्रश्नाने नऊ दिवस तिचे तोंड शिवले होते. अजूनही पळवाट होती. आईला कळत नव्हते, म्हातारपण होते, मीच हट्ट धरला, असे काहीही सांगता आले असते. चष्मेवाली खिडकीपाशी हातात अर्धवट गुंडाळलेली चादर धरून उभी होती. तिने मानेने हो म्हटले नाही की नको म्हटले नाही. ती फक्त तिथे उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

"हो," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फसवलं. तुम्हाला थोडं आणि मला जास्त. तिने माझ्या हातची भाकर पुढे केली आणि मला मागे ठेवलं. तिचा माझ्यावर जीव होता आणि तरी आई चुकली. तिच्या तोंडावर हे म्हणायचं मला धैर्य झालं नाही, म्हणून तिच्या घरात उभी राहून म्हणते. आई चुकली. मी नाही चुकले. मी देवाची लेक आहे ती तुमच्या समितीने ठराव केला म्हणून नाही, तेव्हा ठराव करून ते काढूनही घेता येणार नाही. आणि ही जी उभी आहे, जिच्याकडे तुम्ही आल्यापासून बघितलं नाहीत, ती माझी जोडीदार आहे. पुढच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी येऊ. भाकर मी आणीन. वाटताना माझ्यापाशी याल तेव्हा मी हात पुढे करीन, पाळकसाहेब. द्यायची की नाही, ते सगळ्यांच्या देखत ठरवा."