घोड्याचं नाक

बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी, आणि संघाच्या चार डावांपैकी तीन आटोपले होते. दोन जिंकले, एक गेला. चौथ्या पटावर तिने नुसती बरोबरी साधली की पदक. हरली की पदकही गेलं.

काचेपलीकडे नवरा दीड वर्षाच्या छकुलीला कडेवर घेऊन उभा. छकुलीच्या डोक्यावर टोपी होती, पण पायात एकच मोजा. दुसरा कुठे पाडला या बापलेकींनी? अगं, पटाकडे बघ, बाई! तिने स्वतःलाच दटावलं.

खेळी ठरली होती: प्यादं एक घर पुढे. तेवढ्यात तिला दिसलं, आपल्या घोड्याच्या नाकाला काहीतरी लागलंय. मघाशी खाल्लेलं चॉकलेट! तिने घोडा उचलला, रुमालाने नाक पुसलं, "हं, झालं" म्हटलं आणि जागच्या जागी ठेवणार, तोच समोरची खुदकन हसली.

पंच टेबलाशी आले. "हात लावलात? मग आता घोडाच खेळा."

"अहो, मी फक्त नाक पुसत होते!"

"मग 'नीट करते' असं आधी सांगायचं, मॅडम."

मागे कॅप्टनताईंनी कपाळाला हात लावला. घोड्याला दोनच घरं मोकळी. मागे नेला तर पुढच्याच खेळीला मात. पुढे नेला तर थेट प्याद्याच्या तोंडी. होऊन जाऊ दे, म्हणत तिने पुढे ठेवला.

समोरचीचं हसू मावळलं. घोडा खावा तर राजापुढची भिंत पडते. न खावा तर पुढच्या खेळीला तो राजा-वजीर दोघांना एकदम धरतो. वीस मिनिटं ओठ चावून अखेर समोरचीने घोडा खाल्ला.

आणि हिचा वजीर सुटला! डावीकडून शह, राजा उजवीकडे. उजवीकडून शह, राजा डावीकडे. यात तर हिचा हात कोण धरणार? रोज दोन्ही वेळा ती वाटी-चमचा घेऊन छकुलीमागे अशीच तर धावायची! तीच मांडणी तिसऱ्यांदा आली, तसा तिने नियमाने बरोबरीचा दावा केला आणि पंचांनी मान डोलावली. बरोबरी!

बाहेर कॅप्टनताई रडतरडतच गळ्यात पडल्या. "कसली चाल गं! सुचली कधी तुला?"

"ताई, मला फक्त चॉकलेट दिसलं. थांबा, इकडे बघा, नाक किती वाहतंय तुमचं!" तिने तोच रुमाल काढला.

पदकाच्या फोटोत सगळ्या दात काढून हसताहेत. छकुलीच्या पायात एकच मोजा आहे, आणि कॅप्टनताईंच्या नाकावर चॉकलेट.