अस्वलांचे कान

"सुचवू? आणि गळ्यात घालून घेऊ? मला काय वेड लागलंय?" तडतड्या मालकीणताईंवर खेकसला.

नावच पडलं होतं तडतड्या. तापला की मोहरीसारखा उडायचा. कापडी अस्वलांच्या कारखान्यात तो खोकी भरायचा.

ताई बिचाऱ्या रोज संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून विचारायच्या, "काहीतरी नवीन सुचवा ना रे!" आणि सगळे मिठाची गुळणी धरून बसायचे. कारण ताईंच्या वडिलांपासूनचा नियम: ज्याला सुचलं, त्यानंच ते करायचं. कापड कापणारे काका एकदा बोलून गेले, पंखे पुसायला हवेत. झालं! तेव्हापासून काका शिडीवरच.

तडतड्याच्या पोटात एक युक्ती नुसती उड्या मारत होती. अस्वलं खोक्यात उभी भरायची, झाकणाखाली त्यांचे कान चेपायचे, दुकानदार माल परत पाठवायचे. मग रोज कामं आटोपल्यावर सगळ्यांनी बसून वाफेवर ते कान ताठ करायचे. त्यात घरी जायला उशीर. किती दिवस झाले, त्यानं लेकीचं तोंड पाहिलं होतं ते झोपेतलंच. पण बोलावं, तर सगळी खोकी एकट्याच्या बोडक्यावर. मग तर पोरगी बापाला काकाच म्हणायला लागली असती!

"अरे, पण तुझं म्हणणं तरी काय?" ताईंचाही आवाज चढला.

"तुमचा तो नियम मोडा! हेच म्हणणं!"

शिवणाऱ्या मावशींनी दातातला दोरा तसाच धरला. ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि त्यांना फिसकन हसूच फुटलं.

"सुचवलंस ना? मग नियमाप्रमाणे तूच करायचं. मोड!"

तडतड्या टेबलावर चढलाच.

"मोडला! काका, उतरा खाली. पंखे पाळीपाळीनं. आणि अस्वलं बसवून भरायची, एकाच्या मांडीवर एक! खोकी सगळ्यांनी मिळून!"

"अगंबाई, मलाही सुचलंय!" मावशी ओरडल्या.

"आधी माझं ऐका, मी शिडीवरून रोज बघतोय!" काका म्हणाले. मग काय, बांधच फुटला. कोण कुणाचं ऐकतंय!

पहिलं खोकं भरलं. ताई स्वतः झाकणावर बसल्या, वर दोनदा उसळल्यासुद्धा. उघडलं, तर कान ताठच्या ताठ!

"आजचे चेपलेले आम्ही बघतो," ताई म्हणाल्या. "पण थांब रे, तुझं कौतुक तरी करू दे!"

"ते उद्या करा." तडतड्यानं डबा काखेत मारला. "पोरगी जागी असेल. मला आता निघायलाच हवं."