पाठमोरी

या, जरा जवळ सरकून बसा. ओटाहुहू या उपनगरातल्या आमच्या चर्चमागच्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगते.

लेसिएली अळूचं पान तळहातावर पसरत होती. त्यात मेंढीचं मांस, कांदा, नारळाचं घट्ट दूध. मग मोटळी बांधून भट्टीत. अशा एकशे चाळीस. बेघरांसाठी दर गुरुवारी ती हाच बेत करायची, कारण तिच्या भावाला, सातेकीला, याहून जास्त काही आवडत नसे. नोकरी गेली, दारू लागली आणि दोन हिवाळ्यांपूर्वी सातेकी घर सोडून गेला. तेव्हापासून वाढायच्या खिडकीतली जागा तिनं कुणाला दिली नव्हती. ताट पुढे करण्याआधी ती चेहरा बघायची, भुवईवरचा सातेकीचा व्रण शोधायची.

महिन्याभरापासून रोज इथं जेवायला येणारा म्हातारा वीरेमू आत डोकावला.

"किती मीठ घालतेस गं! म्हणून तर तो पळतो."

"कोण?"

"तुमच्यातलाच. उंच, भुवईवर व्रण. इतर वारी दुसरे वाढतात तेव्हा पोटभर जेवतो. गुरुवारी मात्र खिडकीत तुला बघतो नि उपाशीच माघारी फिरतो. आत्ताही फाटकाशी कुडकुडतोय."

लेसिएलीच्या हातातलं पान फाटलं.

आम्हा टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांत वयात आलेले भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. बहिणीचा मान मोठा. अंगावर लक्तरं असताना भाऊ तिच्यापुढे ताट कसं धरील? एवढं साधं, पण मायेपोटी तिला सुचलंच नव्हतं.

ती दाराकडे धावली. उंबऱ्याशी थबकली.

"वीरेमूकाका, आज तुम्ही वाढा."

"मी? हात थरथरतात माझे, निम्मं सांडेल."

"सांडू दे. आणि त्याला सांगा, खिडकीतली बाई गेली."

"अगं, पण तू तर..."

"मी भांडी घासतेय."

तिनं नळ सोडला, खिडकीकडे पाठ केली. बाहेर जेवणाआधीचं स्तोत्र सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला एक खर्जातला आवाज त्यात उतरला, जरा चिरकलेला. तिचे हात थांबले. मान मात्र वळली नाही.

थोड्या वेळानं वीरेमू म्हणाला, "आणखी मागतोय गं."

"दोन द्या," ती भिंतीला म्हणाली.

तर मायबाप, आज घास उचलण्याआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या पाठमोऱ्या बहिणीचीही आठवण ठेवा.